गोठवलेले खाते आणि ७७४ दिवसांचा विलंब: आयकर वसुलीचे एक प्रकरण

२३ फेब्रुवारी २०२२ रोजी, बुधवारी, तालुक्याच्या गावी रंग आणि हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या एका व्यापाऱ्याने घाऊक विक्रेत्याला दिलेला धनादेश न वटता परत आला. खात्यात १,८६,४०० रुपये होते आणि धनादेश त्याच्या निम्म्याहूनही कमी रकमेचा होता, त्यामुळे सहीत काही चूक झाली असावी असे समजून ते शाखेत गेले. तिथे त्यांना आयकर खात्याच्या पत्राची छायाप्रत दाखवण्यात आली. कलम २२६(३) खालच्या त्या पत्राने बँकेला कळवले होते की या खातेदाराकडे २०१७-१८ या करनिर्धारण वर्षाची, म्हणजे २०१६-१७ मधील उत्पन्नावरच्या कराची, थकबाकी असून, त्याच्या नावावर जी रक्कम असेल ती सरकारजमा करावी. चालू खाते, पत्नीसोबतचे संयुक्त बचत खाते आणि कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर्ज उचलण्याचे) खाते ही तिन्ही बँकेने त्याच दिवशी गोठवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हे प्रकरण घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे आले, आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "साहेब, मी तर दरवर्षी रिटर्न भरतो."

ते खरे होते. पक्षकाराची, म्हणजे या व्यापाऱ्याची, ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत, परंतु रकमांचे गणित कायद्यातील दरांनुसार मांडले आहे. हे सर्व प्रकरण १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे, त्यामुळे खाली आलेले कलमांचे आणि नियमांचे क्रमांक जुन्या कायद्याखालचे समजावेत.

मागणी कशी उभी राहिली

२०१६ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होते. रंगाच्या धंद्यात दसरा ते दिवाळी हा वर्षाचा मुख्य हंगाम असतो. घरे रंगवून होतात, रंगारी आणि घरमालक रोखीने पैसे चुकते करतात, आणि दुकानदार त्यातून दिवाळीनंतर घाऊक व्यापाऱ्यांची बाकी फेडतो. ती बाकी फेडण्यापूर्वीच, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. पक्षकाराने ३० डिसेंबरपर्यंतच्या मुदतीत चार वेळा मिळून ११,४०,००० रुपये चालू खात्यात भरले. त्या वर्षीचे त्यांचे विवरणपत्र कलम ४४एडी खालचे, म्हणजे अनुमानित नफ्याचे होते: उलाढाल ४६ लाख, आठ टक्क्यांनी नफा ३,६८,०००, कलम ८०सी ची वजावट १,२०,००० आणि करपात्र उत्पन्न २,४८,०००. त्या वेळची मर्यादा अडीच लाखांची असल्याने कर शून्य होता.

रोख भरणा आणि घोषित उत्पन्न यांतली तफावत पाहून प्रकरण छाननीसाठी निवडले गेले. नोटिसांना एकही उत्तर न गेल्यामुळे १७ डिसेंबर २०१९ रोजी कलम १४४ खाली एकतर्फी आदेश झाला. या वर्षाच्या करनिर्धारणाची मुदत ३१ डिसेंबर २०१९ ला संपत होती, आणि त्या महिन्यात अशा आदेशांची घाई सर्वत्र होती. संपूर्ण ११,४०,००० रुपये कलम ६९ए खाली 'स्पष्टीकरण नसलेला पैसा' ठरले आणि त्यांवर कलम ११५बीबीई चा दर लागला. डिसेंबर २०१६ मधील दुरुस्तीने हा दर ६० टक्के झाला होता, त्यावर २५ टक्के अधिभार आणि तीन टक्के उपकर होता, म्हणजे शंभर रुपयांमागे सव्वासत्त्याहत्तर रुपये. कर ८,८०,६५० झाला. आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बी चे ३३ महिन्यांचे व्याज २,९०,५९८ त्यात मिळवून मागणी निघाली ११,७१,२५० रुपयांची. जेवढे पैसे बँकेत भरले होते त्यापेक्षाही ती एकतीस हजारांनी जास्त होती. आदेश वाचून दाखवताना पक्षकाराने मला याच ठिकाणी थांबवले आणि आकडा पुन्हा वाचायला सांगितला. त्यानंतर कलम २७१एएसी खाली कराच्या दहा टक्के, म्हणजे ६८,४०० रुपये दंडाची स्वतंत्र मागणीही निघाली होती.

नोटिसा कुठे गेल्या

त्या सगळ्या नोटिसा नियमाप्रमाणे बजावल्या गेल्या होत्या, हे सुरुवातीलाच मान्य करणे भाग होते. नियम १२७ नुसार विवरणपत्रात दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावलेली मानली जाते. पक्षकाराच्या विवरणपत्रावरचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक दोन्ही त्यांच्या जुन्या करसल्लागाराचे होते, आणि ते गृहस्थ २०१८ मध्ये वारले होते. पुढच्या वर्षांची विवरणपत्रे दुसऱ्या एकाने भरली. त्याने वहीत लिहून ठेवलेला जुनाच पासवर्ड वापरला, पडताळणी पक्षकाराच्या मोबाइलवर येणाऱ्या आधार ओटीपीने केली, आणि आयकर खात्याच्या पोर्टलवरचा ईमेल बदलण्याची गरज कोणालाच भासली नाही. लहान व्यापाऱ्यांच्या दहा प्रोफाइल उघडल्या तर काहींत आजही हेच सापडेल.

सूचना मिळण्याची एक संधी मात्र नक्की होती. २०२१ मध्ये टीडीएसचा (आधीच कापून घेतलेल्या कराचा) ६,८५० रुपयांचा परतावा खात्यात आलाच नाही. कलम २४५ खाली तो जुन्या थकबाकीत वळता करण्यात आला होता, आणि तशी पूर्वसूचना पोर्टलवर पडून होती. "येईल, उशीर होतोच" असे नव्या सल्लागाराने सांगितले आणि विषय संपला. न आलेल्या परताव्याची चौकशी करायला पोर्टलवरच्या 'आउटस्टँडिंग डिमांड' या पानावर जाणे पुरेसे होते, कारण थकबाकी वर्षाच्या क्रमाने तिथे दिसते आणि तिला सहमती किंवा असहमती नोंदवण्याची सोयही तिथेच आहे. हे पान कोणी उघडले असते तर खाते गोठण्याआधी काही महिने हाताशी मिळाले असते.

पहिले पाच दिवस

अशा प्रसंगी माणूस आदेशाची प्रत घेऊन थेट करनिर्धारण अधिकाऱ्याकडे, म्हणजे आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो आणि आपले पैसे दिवाळीच्या विक्रीचेच कसे होते हे सांगू लागतो. पक्षकाराचा आग्रहही तसाच होता. तो मोडून काढायला मला अर्धा तास लागला. आदेश होऊन दोन वर्षे झाल्यावर अधिकाऱ्यासमोर प्रश्न फक्त वसुलीचा असतो. आदेशातली बेरीज-वजाबाकी चुकली असेल तर कलम १५४ खाली ती दुरुस्त करता येते, पण रोख रक्कम विक्रीची होती की नव्हती याचा फेरविचार त्याला करताच येत नाही. मागणी चुकीची आहे हे दाखवण्याची जागा अपील होती, वसुली थांबवण्याची जागा स्थगितीचा अर्ज होती, आणि दुसरा अर्ज पहिल्यावर अवलंबून होता, कारण कलम २२०(६) खाली थकबाकीदार न मानण्याची सवलत अपील दाखल असेल तरच मागता येते.

म्हणून गुरुवार ते सोमवार या दिवसांत आधी पोर्टलवरचा ईमेल व मोबाइल बदलला, आदेश, मागणीची नोटीस आणि दंडाचा आदेश उतरवून घेतले, आणि २८ फेब्रुवारीला नमुना ३५ मध्ये अपील दाखल केले. शुल्क एक हजार रुपये होते. दंडाविरुद्धचे अपील वेगळे केले. कलम २६४ खाली आयुक्तांकडे पुनरीक्षण मागण्याचा पर्यायही होता. पण तो मार्ग घेतल्यास अपिलाचा हक्क सोडावा लागतो आणि या प्रकरणात वाद निव्वळ पुराव्याचा होता, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

याच दिवसांत पक्षकाराच्या भावाने एक सूचना केली, जी अशा वेळी घरातल्या कोणीतरी करतेच: दुकानाचा गाळा लगेच वहिनींच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकावा. कलम २८१ नुसार कारवाई प्रलंबित असताना पुरेशा मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतर करवसुलीच्या दृष्टीने निरर्थक ठरते. शिवाय बक्षीसपत्राची तारीख पाहिल्यावर स्थगितीचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात पक्षकाराच्या प्रामाणिकपणाबद्दल काय उरले असते, हे वेगळे सांगायला नको. गाळा जिथल्या तिथे राहिला.

प्रकरण अजून करवसुली अधिकाऱ्याकडे गेले नव्हते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती. तिथे कलम २२२ चे प्रमाणपत्र निघते आणि दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे १५ दिवसांत रक्कम भरण्याची नोटीस येते. ती बजावल्यानंतर त्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय मालमत्तेचा व्यवहारच करता येत नाही, आणि पुढे स्थावर मालमत्तेची जप्ती, लिलाव, क्वचित अटकही होऊ शकते. त्या टप्प्यावरसुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधील वस्तू, म्हणजे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, जप्त करता येत नाहीत. पक्षकाराच्या पत्नीला मंगळसूत्राची धास्ती पडली होती. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही त्याच कलमात आहेत, हे सांगितल्यावर त्या थोड्या निवांत झाल्या.

वीस टक्के

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २९ फेब्रुवारी २०१६ च्या ज्ञापनानुसार, म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या लेखी सूचनेनुसार, अपील प्रलंबित असताना वादग्रस्त मागणीच्या १५ टक्के रक्कम भरल्यास उरलेल्या वसुलीला स्थगिती देता येते. ३१ जुलै २०१७ पासून हे प्रमाण २० टक्के झाले. विभागात आणि आमच्या व्यवसायातही हा आकडा दगडावरच्या रेघेसारखा वापरला जातो. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की हे ज्ञापन अधिकाऱ्यांचे हात बांधत नाही आणि प्रकरण पाहून २० टक्क्यांपेक्षा कमी रकमेवरही स्थगिती देता येते. आमच्याकडे कमी रक्कम मागण्याइतका भक्कम आधार होता का, याचा मी बराच विचार केला आणि शेवटी मागायचे नाही असे ठरवले. आदेश एकतर्फी होता, अपील दोन वर्षे उशिराचे होते, आणि दुकानाचे रोजचे व्यवहार अडले होते. टक्केवारीवरून भांडण्यात महिना गेला असता तर घाऊक व्यापाऱ्यांनी उधार माल देणे बंद केले असते.

२० टक्के म्हणजे २,३४,२५० रुपये. वळता करून घेतलेला ६,८५० चा परतावा याच मागणीत जमा झालेला असल्याने तो यात धरावा, अशी विनंती केली. उरलेल्या २,२७,४०० पैकी १,८६,४०० गोठलेल्या चालू खात्यातूनच घ्यावेत आणि ४१,००० करभरण्याच्या चलनाने (चलानाने) भरतो, असा प्रस्ताव लेखी दिला. अधिकाऱ्यांचा पहिला प्रतिसाद तोंडी आणि नकारार्थी होता. विलंब माफ होईपर्यंत अपील आहे असे म्हणताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण कायद्यात अपील 'सादर केले' असणे पुरेसे आहे आणि विलंबाचा निर्णय अपील प्राधिकारी करतात, अधिकारी नव्हे. तेवढ्याच मुद्द्यावर एक पानी अर्ज पुन्हा दिला, त्याची पोच घेतली आणि प्रत प्रधान आयुक्तांच्या कार्यालयात दिली. तोंडी नकाराविरुद्ध वर दाद मागायला काहीच हातात नसते, लेखी अर्जाची पोच मात्र असते, म्हणून मी असे काम कधीही बोलण्यावर सोडत नाही. ३ मार्चला ४१,००० चे चलन भरले, बँकेने १,८६,४०० पाठवले, आणि दोन दिवसांनी उरलेल्या रकमेला अपिलाच्या निकालापर्यंत स्थगिती मिळाली.

स्थगितीने वसुली थांबते, व्याज थांबत नाही. कलम २२०(२) चे दरमहा एक टक्का व्याज १७ जानेवारी २०२० पासून चालू होते, आणि पूर्ण मागणीवर ते महिन्याला ११,७१२ रुपये होत होते. फेब्रुवारी २०२२ पर्यंत त्याची रक्कम तीन लाखांच्या वर गेली होती. अपील हरल्यास पुढचे व्याजही द्यावे लागेल, हे पक्षकाराला लेखी कळवून ठेवले.

बँकेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागल्या. संयुक्त खात्यातील रक्कम, उलट सिद्ध होईपर्यंत, खातेदारांची समसमान मानली जाते, त्यामुळे पत्नीच्या निम्म्या हिश्शाला हात लावता येत नव्हता. त्यांच्या शिवणकामाच्या उत्पन्नाच्या नोंदी दाखवून ते खाते आधी मोकळे झाले. कॅश क्रेडिट खात्याचा प्रश्न तर उद्भवायलाच नको होता. तिथे पक्षकार बँकेचा देणेकरी होता, आणि न उचललेली कर्जमर्यादा म्हणजे बँकेने त्याला देणे असलेला पैसा नव्हे. शाखाधिकाऱ्यांना हे पटत होते, पण नोटीस न पाळल्यास बँकच थकबाकीदार ठरते, या भीतीने ते काहीही सोडायला तयार नव्हते. स्थगितीचा आदेश हातात असूनही खाती सुरू व्हायला चार दिवस गेले, कारण नोटीस मागे घेतल्याचे पत्र विभागाने शाखेला पाठवले होते आणि गोठवण्याची नोंद बँकेच्या दुसऱ्या कार्यालयातून झालेली होती.

७७४ दिवस

अपिलाची मुदत १६ जानेवारी २०२० ला संपली होती आणि अपील २८ फेब्रुवारी २०२२ ला दाखल झाले, म्हणजे विलंब ७७४ दिवसांचा होता. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला होता. आमची मुदत त्याच्या दोन महिने आधीच संपलेली असल्याने त्या आदेशाचा हक्काने लाभ मागणे अवघड होते. मात्र कलम २४९(३) मध्ये विलंबमाफीला कमाल मर्यादा नाही, पुरेसे कारण दाखवावे लागते. आम्ही हिशेब असा मांडला की ७७४ पैकी ७१६ दिवस न्यायालयाने वगळलेल्या काळातलेच आहेत आणि खरे स्पष्टीकरण उरलेल्या ५८ दिवसांचे द्यायचे आहे. सोबत जुन्या सल्लागाराचा मृत्यूचा दाखला, ईमेल त्यांचाच असल्याचे त्यांच्या मुलाचे प्रतिज्ञापत्र आणि खाते गोठल्यावर पाचव्या दिवशी अपील केल्याचा तपशील जोडला. न आलेल्या परताव्याची चौकशी केली नाही, हेही प्रतिज्ञापत्रात लिहिले. लपवले असते तरी ते विभागाच्या नोंदीत होतेच. कातिजी प्रकरणातील १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा दृष्टिकोन, की तांत्रिकतेपेक्षा न्यायाला महत्त्व द्यावे आणि उशीर करून कोणाचा फायदा होत नसतो, हा आधार घेतला. विलंब माफ झाला.

पुराव्याच्या बाजूने सर्वांत मोलाची वस्तू निघाली ती लाल कापडी बांधणीची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. कलम ४४एडी खाली हिशेब ठेवण्याची सक्ती नसते, पण पक्षकाराच्या वडिलांची सवय मुलाने मोडली नव्हती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या पानावर तळाशी शिल्लक ९,७२,००० अशी होती, आणि त्याच्या बाजूला, वेगळ्या पेनाने, नोटांची मोजणी लिहिलेली होती: त्या रात्री बातमी ऐकल्यावर बापलेकांनी गल्ला पुन्हा मोजला होता. एकतर्फी आदेशानंतर असा पुरावा नियम ४६ए खाली नव्याने दाखल करावा लागतो आणि त्यावर करनिर्धारण अधिकाऱ्याचा अहवाल मागवला जातो. अहवालात अपेक्षित आक्षेप आला, की सक्ती नसताना ठेवलेली वही नंतर तयार केलेली असू शकते. त्याला उत्तर वहीत नव्हते. ते तेव्हाच्या मूल्यवर्धित कराच्या तिमाही विवरणपत्रांत होते. जुलै ते डिसेंबर २०१६ ची विक्री त्यांत दाखवलेली होती, आणि आयकराची पहिली नोटीस निघण्याच्या कितीतरी आधी ती भरलेली होती. रोजकिर्दीतील विक्री, घाऊक व्यापाऱ्यांची खरेदीची बिले आणि ती विवरणपत्रे एकमेकांशी जुळत होती.

जुळत नव्हते ते उरलेले १,६८,००० रुपये. ही उधारीची वसुली पक्षकाराने ८ नोव्हेंबरनंतर जुन्याच नोटांत घेतली होती. माणसे ओळखीची, नाही कसे म्हणायचे, ही त्यांची अडचण मला कळत होती, पण ९ नोव्हेंबरपासून त्या नोटा कायदेशीर चलन नव्हत्या आणि देणाऱ्यांची नावेही वहीत पूर्ण नव्हती.

निकाल

फेसलेस (समोरासमोर न येता चालणाऱ्या) अपील केंद्राचा आदेश २०२३ च्या उत्तरार्धात आला. उत्पन्नात धरलेली ९,७२,००० ची वाढ रद्द झाली, १,६८,००० ची कायम राहिली. त्यावरचा कर १,२९,७८०, कलम २३४बी चे व्याज ४२,८०१, मिळून १,७२,५८०. मूळ मागणी घटली की कलम २२०(२) चे व्याजही त्या प्रमाणात घटते, म्हणून मार्च २०२२ पर्यंतचे ते सुमारे ४४,८५० उरले. दंड ६८,४०० वरून १०,०८० वर आला. एकूण देणे २,२७,५१० च्या आसपास होते, भरणा २,३४,२५० चा होता, आणि सुमारे ६,७०० रुपये पक्षकाराला परत मिळायचे होते.

अपिलाचा आदेश आला म्हणून पोर्टलवरची मागणी आपोआप कमी होत नाही. करनिर्धारण अधिकाऱ्याने त्याची अंमलबजावणी करणारा आदेश काढावा लागतो. त्यासाठी दोन स्मरणपत्रे द्यावी लागली, आणि मधल्या काळात नव्या वर्षाच्या परताव्यावर कलम २४५ ची पूर्वसूचना पुन्हा आली. या खेपेस ती योग्य ईमेलवर आली होती. उत्तर द्यायला २१ दिवस होते. तिसऱ्याच दिवशी अपिलाचा आदेश जोडून पोर्टलवर असहमती नोंदवली आणि तो परतावा वाचला.

उरलेल्या १,६८,००० साठी पुढचे अपील घेऊन न्यायाधिकरणात जायचे का, असे पक्षकाराने विचारले. ६० टक्क्यांचा दर त्या वर्षाला लागू करावा की नाही, यावर कायदेशीर वाद उपलब्ध होता. तो जिंकला असता तर आणखी काही रक्कम सुटली असती, पण त्यासाठी प्रकरण आणखी दोन-तीन वर्षे उघडे राहिले असते. मी दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन रोजकीर्द तेवढी परत मागितली.